बुरुजातली शेवटची लादी

रोमानियातल्या त्या गावातले सगळे सॅक्सन, म्हणजे पिढ्यानपिढ्या तिथे राहिलेले जर्मन, जर्मनीला निघून गेले. मागे राहिल्या रेगिनाबाई आणि देवाचं घर, म्हणजे गावचं चर्च. घर तरी कसलं, टोकदार कमानींच्या खिडक्या, छताला दगडी फासळ्यांची जाळी आणि भोवती दुहेरी तट. तट तुर्कांच्या भीतीने बांधलेला. पुढे तुर्क यायचे थांबले, पण एवढ्या भिंती रिकाम्या कशा ठेवायच्या? मग दक्षिणेच्या बुरुजात घरोघरच्या खारवलेल्या डुकराच्या मांसाच्या लाद्या आकड्यांना टांगायची रीत पडली. रविवारी प्रार्थना झाली की किल्लीवाली दार उघडणार, ज्याने त्याने आठवड्याचा तुकडा कापायचा आणि कापल्या जागी आपल्या घराचा शिक्का मारायचा. देवावर सगळ्यांचा विश्वास होता, शेजाऱ्यावर तेवढा नव्हता.

किल्ली आता रेगिनाबाईंकडे आणि आकड्याला लादी एकच, त्यांचीच.

मुलगा आंद्रेआस न्यायला आला. "आई, चल आता."

"बुरुजात मांस असताना किल्लीवालीने गाव सोडायचं नसतं."

"अगं, तू एकटीच उरलीस. नियम कुणासाठी?"

"एकटी आहे म्हणूनच. मी मोडला तर अख्ख्या गावाने मोडला."

आंद्रेआसने मुक्काम वाढवला. तुकडा केवढा कापावा याला नियम नव्हता. रविवारी त्याने अर्धी लादी उतरवली आणि आठवडाभर सकाळ-संध्याकाळ कांद्याबरोबर खाल्ली. डॉक्टरांनी त्याला मीठ बंद केलं होतं.

शनिवारी रेगिनाबाई कुंपणापाशी गेल्या. पलीकडे व्हिओरिका, रोमानियन, दुसऱ्या चर्चची. बुरुजात एक आकडा द्या म्हणून वर्षानुवर्षं मागत होती. उत्तर ठरलेलं: बुरूज आमच्यापुरता.

"तुझं मांस माळ्यावर खराब होतं ना गं?"

"लग्न होऊन आले तेव्हापासून होतंय."

"एक आकडा रिकामा आहे."

"एकच? मला वाटलं, सगळेच आहेत." व्हिओरिका हसली. "आणि आम्ही छातीवर क्रॉस उलटीकडून काढतो, ते चालेल?"

"मांसाला कुठे क्रॉस काढायचा असतो? आजच आण."

रविवारी आंद्रेआसने उरलेली लादी उतरवून खांद्यावर घेतली. "संपलं. निघूया."

रेगिनाबाईंनी काठीने कोपऱ्यातला भरलेला आकडा दाखवला.

"हे कुणाचं?"

"व्हिओरिकाचं."

"ती कुठे आपल्यातली?"

"आपल्यातली असती तर एखादे वेळी टाकून आलेही असते. परक्याची ठेव आहे, बाबा."

आंद्रेआसने वर पाहिलं. व्हिओरिकाने गावातला सगळ्यात मोठा डुक्कर पोसला होता. आंद्रेआस पायरीवर बसला आणि त्याने प्यायला पाणी मागितलं.