तलावाच्या पंपाला अक्षता

“माझ्या मेव्हण्याने पाच एचपीचा पंप बसवलाय. पाणी तिसऱ्या मजल्यापर्यंत उडतं,” मागच्या खुर्चीवरून कोणीतरी म्हणालं. पोहण्याच्या तलावातलं पाणी तिसऱ्या मजल्यावर नेऊन काय करायचं, हे कोणीच विचारलं नाही.

विजयनगरमधल्या आमच्या अपार्टमेंटची सभा तलावाच्या काठावरच भरली होती. पाणी पालकाच्या सारासारखं हिरवं झालं होतं. पर्याय दोनच होते: दुप्पट ताकदीचा पंप आणायचा, नाहीतर तलाव बुजवून बॅडमिंटनचं कोर्ट करायचं. आमचे अध्यक्ष म्हणजे कडकोळच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले इंजिनियर. मनाने ते केव्हाच रॅकेट घेऊन उभे होते.

माझ्या शेजारी आई बसली होती. पन्नाशी उलटल्यावर ती पोहायला शिकत होती. सकाळी सहा ते सात ही बायकांची वेळ. तिला नुकतंच पाठीवर तरंगता येऊ लागलं होतं, आणि ही बातमी भाजीवालीपर्यंत पोचली होती.

“कोर्ट झालं तर मी काय सिमेंटवर तरंगू?” ती माझ्या कानाशी म्हणाली. “अशी सुम्ने तोंड मिटून काय बसलीस? बोल की! पंपाचं पुस्तक वाचलंस ना तू?”

वाचलं होतं. बोलणं टाळता यावं म्हणून मी काहीही वाचते, आणि ही पुस्तिका तर इंग्रजीत होती. पंप किती मोठा हवा हे आपल्या हौसेवर नसतं, असं तिच्यात होतं. तलावातलं सगळं पाणी दिवसातून एकदा तरी गाळणीतून फिरलं पाहिजे, आणि पंपाचा जोर गाळणीला सोसवला पाहिजे. आमची वाळूची गाळणी लहान. तिला मोठा पंप जोडणं म्हणजे तान्ह्या बाळाला बंबाने दूध पाजणं.

शिवाय आमच्या पंपाला काही झालंच नव्हतं. पंपाच्या तोंडाशी पानं आणि केस अडवणारी एक जाळीची टोपली असते, तिच्यावर पारदर्शक झाकण, आणि झाकणाखाली रबरी रिंग. ती नीट बसली नाही तर पंप पाण्याबरोबर हवाही ओढतो, मग गाळणीत पुरेसं पाणी जात नाही आणि तलाव हिरवा होतो. लष्कर मोहल्ल्यातून मोटर बांधणारे मिस्त्री आले होते. त्यांनी मोटरीला कान लावला आणि अध्यक्षांना सांगितलं, “मोटर झकास आहे, स्वामी. झाकण बघा.” अध्यक्ष म्हणाले, “झाकण मी स्वतः पिळलंय.” मिस्त्री पिशवी उचलून निघाले.

रिंग का बसत नव्हती, हे जगात फक्त मला ठाऊक होतं.

आयुधपूजेला, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आमच्या गावात यंत्र म्हणून जे जे असेल त्याला हळदकुंकू लागतं. सायकल, मिक्सर, लिफ्ट, कशालाच सुटका नाही. आईने तबक माझ्या हातात दिलं. “पंपालाही लाव. त्याच्या जिवावर तरंगते मी.” पंपाची खोली पूजेपुरती उघडी होती, मी आत गेले. मोटर तापलेली, पाइप ओले. पंपाचं कपाळ नेमकं कुठे असतं ते कळेना. आईला विचारायला परत गेले असते तर चार बायकांसमोर विचारावं लागलं असतं. म्हणून मी पंप बंद केला, झाकण उघडलं, रिंगेलाच कुंकू लावलं, वर मूठभर अक्षता टाकल्या आणि झाकण भक्तिभावाने घट्ट फिरवलं. पुस्तिका मी त्यानंतर वाचली.

एरवी खोलीची किल्ली अध्यक्षांकडे असते. मी ती मागायला दोनदा त्यांच्या दारापर्यंत गेले होते, आणि दोन्ही वेळा त्यांच्या कुत्र्याला बिस्किट देऊन परतले होते.

“कोर्टाच्या बाजूने असतील त्यांनी हात वर करा,” अध्यक्ष म्हणाले. पटापट हात वर झाले. आई त्या हिरव्या पाण्याकडे बघत राहिली, आणि ते मला सोसेना.

मी उभी राहिले. अध्यक्षांनी मला मतांमध्ये मोजलंसुद्धा. “आणि ही अकरावी,” ते म्हणाले.

“नाही अंकल,” मी म्हणाले. आवाज जरा जास्तच मोठा निघाला. “कोर्ट नको, नवा पंपही नको. झाकण उघडा. रिंगेवर तांदूळ आहेत. आयुधपूजेला मी घातले.”