कालवलेला गव्हांडा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलाला तर नाहीच. तुम्हाला का सांगतेय — मलाही नीट कळत नाही.

बाळापूरजवळ आमची शेती. माझी काटकसर गावभर माहीत. कोथिंबिरीची देठंसुद्धा मी फेकत नाही. लोक चिडवायचे, मला त्याचा अभिमानच वाटायचा.

वरातीची घोडी उस्मानभाईंची — मुन्नी. आमच्याकडून ते गव्हांडा, म्हणजे गव्हाचा भुसा, न्यायचे आणि आमच्या घरचं लग्न असलं की मुन्नीला सजवून आणायचे. माझ्या मुलाचं लग्न ठरलं त्या उन्हाळ्यात अवकाळीनं गोठ्यातला भुशाचा ढीग भिजला. अर्धा काळा पडला, कुबट वास सुटला. आमची गाय त्याला तोंड लावेना. मांडवाआधी गोठा रिकामा करायचा होता — पण फेकायचा? माझा हात होईना.

उन्हात वाळवला. झटकला. चांगल्यात कालवला, रंग दिसेनासा होईपर्यंत. पोती मीच भरली. कळलं ना, मी काय केलं? चुकून नाही झालं ते.

"यंदा लय दिला, वैनी," उस्मानभाई म्हणाले. मी हसले.

मग वरात. देवळासमोर मुन्नीच्या नाकातून रक्त आलं, ते थांबेचना. पाहुणे ओरडले — यानं लगाम खेचला, मारलं असेल. कुणीतरी उस्मानभाईंना ढकललं. ते लगाम काढून दाखवत होते, बघतंय कोण?

जनावरांच्या डॉक्टरांनी सुई दिली, तर सुईच्या जागेतूनही रक्त वाहत राहिलं. त्यांनी विचारलं, चाऱ्यात बुरशी होती का?

"चाऱ्याले नावं नका ठेवू, साहेब," उस्मानभाई म्हणाले. "वैनीच्या घरचा हाय."

डॉक्टर माझ्याकडे बघू लागले. समोर सुनेच्या माहेरची माणसं उभी — मी पदर सावरला आणि म्हणाले, "चांगलाच होता."

मुन्नी सकाळपर्यंत गेली. खरं बोलले असते तर वाचली असती? माहीत नाही. पण डॉक्टर विचारत होते, आणि मला माहीत होतं.

उस्मानभाईंना पुन्हा कुणी वरातीला बोलावलं नाही. आता ते भाजीबाजारात हमाली करतात. भेटले की आमच्या गाईची चौकशी करतात. मला त्यांच्या तोंडाकडे बघवत नाही.

घरात लग्नाचे फोटो निघाले की मुलगा नातीला उस्मानभाईंवर बोट ठेवून दाखवतो, "हा पाह्य, घोडीले मारे तो." मी शेजारीच असते. परवाही होते.