हलावी म्हणून पातळ

थोरल्याने बसवलेला दरवाजा कुरकुरला, असं सांगणारा माणूस अजून जन्माला यायचा होता. शाळा आठवीत सुटली, पण हातात रंधा आला की भले भले शिकलेले गप्प बसतात, हे तो स्वतःच सगळ्यांना सांगायचा. बाबांची चाळीस वर्षांची गिटार पोट फुगून बसली, तेव्हा त्याने ती दुकानात जाऊच दिली नाही.

"दादा, हे वाद्य आहे, कपाट नाही," धाकटी बहीण म्हणाली.

"लाकूड ते लाकूड. तू फक्त बघ."

रविवारी बाबांच्या जुन्या बँडमधले तीन सोबती घरी येणार होते. वीस वर्षांनी चौघं एकत्र वाजवणार म्हणून बाबांची बोटं जेवतानाही टेबलावर नाचत होती.

थोरल्याने गरम सुरीने गिटारची पाठ सोडवली. आत एक आधाराची पट्टी निखळलेली. अगदी काडीसारखी! त्याला हसूच आलं. त्याने सागाची बोटभर जाड पट्टी सरस लावून, शिकंज्यात आवळून पक्की बसवली आणि पाठ परत चिकटवली. शनिवारी सकाळी तारा चढल्या.

"आता हत्ती बसला तरी हलायची नाही!"

बाबांनी तार छेडली. ठप्प. दुसरी छेडली. खोक्यावर टिचकी मारल्यासारखी.

"मजबूत झालीय हं," एवढंच बोलून त्यांनी ती हळूच भिंतीला टेकवली.

त्यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या. थोरल्याने गिटारच्या पोटावर तळवा ठेवून तार ओढली. लाकूड ढिम्म. तेव्हा कुठे त्याची ट्यूब पेटली. दार हलू नये म्हणून करायचं. ही हलावी म्हणूनच इतकी पातळ केलेली!

"चुकलास ना?" धाकटी.

"चुकलो कुठे? जरा जास्तच चांगलं झालं."

पाठ पुन्हा सुटली. स्वतःचीच देखणी पट्टी तासताना त्याचा जीव तुटत होता. थोडं तासायचं, पोटावर टिचकी मारायची, कान लावायचा. दुपार कलली तेव्हा लाकूड टिचकीला घुमून उत्तर देऊ लागलं. मग त्याने पाठ चिकटवली.

रविवारी बाबांनी पहिली तार छेडली आणि सूर थेट जिन्यापर्यंत गेला. ड्रमवाले काका वाजवायचेच थांबले.

"कुठल्या कारागिराकडे दिली होती रे?"

"आमच्या थोरल्याकडे."

थोरला लगेच पुढे सरसावला. "आतली पट्टी बघायचीय काका? पाच मिनिटांत उघडून दाखवतो!"

बाबांनी गिटार छातीशी घट्ट धरली. "हात लावशील तर खबरदार!"