तीन हंड्यांचा जाळ

चिमाबाईच्या घरात गोबरगॅस आला तो सुनेच्या पायगुणाने नव्हे, सुनेच्या आईच्या अटीने.

शिवथरच्या वरच्या अंगाला पठारावर सात घरांचा धनगरवाडा आहे. अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात तिथून चिमाबाई आणि तिचा नवरा नाथू आपल्या सुनीलसाठी महाडजवळची रंजिता बघायला उतरले. मुलीच्या आईने, प्रयागबाईने, मानपानाचा विषयच काढला नाही. पदराने डोळे टिपत ती एवढंच म्हणाली, "ज्या घरात धूर नाय, त्या घरात पोरगी देईन." प्रयागबाईचे डोळे बारा महिने गळायचे. तीस वर्षं चुलीपुढे बसल्याची ती कमाई.

नाथूला बोलून झाल्यावर विचार करायची सवय. "दिवाळीपत्तूर गोबरगॅस बसवतो," तो म्हणाला. सरकारी योजना होती, अनुदानही होतं, पण अनुदानात सगळं भागत नाही हे अर्ज भरल्यावर कळतं. उरलेल्या पैशासाठी नाथूने तीन म्हशींतली एक विकली. शेणावर चालणाऱ्या वस्तूसाठी शेण देणारं जनावर विकायची ही अक्कल वाड्याला वर्षभर हसायला पुरली. शेजारचा भिकू तर भेटेल तिथे विचारायचा, "काय नाथूबा, विहीर खनायला पोहरा कधी इकतोस?"

विटा आणि सिमेंटची पोती खालच्या रस्त्यापासून डोक्यावरून वर आली. नाथूच्या शब्दावर लग्न त्याच उन्हाळ्यात होऊन गेलं होतं; दिवाळीला शेगडी पेटली. निळा, गुपचूप जाळ. फुंकर नको, फुंकणी नको. रंजिताने चहा केला आणि उतू जाईपर्यंत त्या जाळाकडेच बघत बसली.

खोटं कशाला बोला, गॅस गुणाचा होता. चिमाबाईचा खोकला गेला. दिवसाआड रानातून आणायची लाकडाची मोळी थांबली. घरामागच्या उतारावर ऐनाचे तोडून तोडून बोडके झालेले बुंधे होते, त्यांना फुटवे आले आणि बघता बघता ते गुडघ्याला लागले. डोंगराचं भलं झालं यात वाद नाही.

फक्त गोबरगॅसच्या त्या विटांच्या घुमटाच्या पोटात रोज जेवढं शेण तेवढंच पाणी कालवून ओतावं लागे. म्हणजे तीन हंडे. थंडीत झरी दारापुढून वाहत होती, तेव्हा तीन हंडे कोण मोजतो? पाहणीला साहेब आले तेही मार्गशीर्षात. झरीचं पाणी पिऊन, "वा, काय गोड पाणी आहे," म्हणाले आणि कागदावर सही करून उतरले. होळीनंतर हीच झरी कुठे जाते, हे त्यांनी विचारलं नाही आणि यांनी सांगितलं नाही. पाहुण्याला घरातली उणीव कोण सांगतं?

दुसरी गोष्ट तर कुणाच्याच ध्यानात आली नव्हती. चुलीवरच्या माळ्यावर टांगलेल्या नाचणीच्या बियाण्यात माघात किडे झाले. छपराच्या वाशांतून भुसा गळायला लागला. नाथू वर बघून म्हणाला, "हे धुराचं काम व्हतं गो." इतकी वर्षं धूर बिनपगारी राबत होता, म्हणून तो काम करतो हेच कुणाला कळलं नव्हतं.

रंजिता सातव्या महिन्यात बाळंतपणाला माहेरी गेली. फाल्गुनात मुलगी झाली. सुनील महाडच्या एमआयडीसीत कामाला, सुट्टीला वर यायचा. एकदा आला तो पायातली चप्पल न काढताच म्हणाला, "आये, सव्वा महिना झाला की सासूबाई सोता घेऊन येनार हायत दोघींना. म्हनतात, गॅस चालू असंल तर ठेवीन. नायतर महाडात खोली बघा."

"चालू हाय की," चिमाबाई म्हणाली.

चालू होता. कसा होता ते तिच्या कमरेला ठाऊक. चैत्रात दारापुढची झरी करंगळीएवढी झाली, मग ओल तेवढी राहिली. पाणी आता खालच्या ओढ्यात. वाळूत खड्डा करायचा, पाणी साठेतोवर बसायचं, करवंटीने हंडा भरायचा आणि उभा चढ चढायचा. पिण्याचं आणि जनावरांचं पाणी तर हवंच. त्यावर हे तीन हंडे. दोनच म्हशींचं शेण पुरेना, तेव्हा ती पाटी घेऊन गुरांमागे रानात फिरू लागली. खड्ड्यावर नंबर लावून बसलेली सोनाबाई सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली, "आमी पानी पितो बायांनो, चिमा पानी जाळते."

चिमाबाईने ऐकलं न ऐकलं केलं. उत्तर द्यायचं म्हणजे दम लागतो आणि दम चढासाठी राखून ठेवायचा होता.

हिरडा विकत घ्यायला भागोजी वाड्यात आला, तेव्हा तिने त्याच्या ताणकाट्याला सोनाबाईची मोळी अडकवायला लावली. सव्वीस किलो भरली. मग आपला भरलेला हंडा. सतरा किलो.

"म्हनजे तीन हंडे एकावन," भागोजीने हिशेब केला. "आनि मोळी तर दिवसाआड. ईनबाईच्या डोळ्यांसाठी ही उठाठेव का?"

"तिच्या नाय, नातीच्या," चिमाबाई म्हणाली. नात घरात वाढावी, अंगणात रांगावी, एवढंच तिला हवं होतं. महाडातली खोली म्हणजे नात सणाला दिसणार, तीही पाहुण्यासारखी, नव्या फ्रॉकात आणि अनोळखी.

वैशाखाच्या तोंडाला प्रयागबाई लेकीला आणि बाळाला घेऊन वर आली. चिमाबाईने आदल्या तीन दिवसांत पाण्याची कसर ठेवली नव्हती. शेगडी पेटली. चहा झाला, भात झाला, बाळाचं पाणीसुद्धा तापलं. प्रयागबाईने जाळाजवळ हात नेला, आपले गळके डोळे नीट उघडून बघितलं आणि पहिल्यांदाच हसली. "ईनबाई, शब्दाला जागलीस."

चिमाबाईला त्या क्षणी जमिनीवर आडवं व्हावंसं वाटलं. पण विहीण घरात असताना आडवं कोण होतं?

सकाळी ती हंडा उचलून निघाली, तर प्रयागबाईही दुसरा हंडा घेऊन मागोमाग. "बसून खायला का मी पुढारी हाय?" नको नको म्हटलं तरी ऐकेना. ओढ्यावर दोघी बसल्या, करवंटीने भरलं, चढ चढल्या. वीस वर्षांपूर्वी डोंगर सोडलेली प्रयागबाई तीन ठिकाणी थांबली. वर येऊन तिने हंडा घराच्या उंबऱ्याकडे नेला.

"तिकडं नको," चिमाबाई हळूच म्हणाली. "ह्यो कुंडीत."

"कसल्या कुंडीत?"

"शेन कालवायच्या. गॅसाचा हाय ह्यो."

प्रयागबाईने हंडा खाली ठेवला. "आनि प्यायचा?"

"त्याला फिरून जायचं."

"गॅसाच्या किती खेपा?"

"तीन."

"रोज?"

चिमाबाईने आपला हंडा कुंडीत ओतला. प्रयागबाई ओट्यावर टेकली.

"मग रंजितानं ह्ये करायचं?"

"मी हाय ना."

"तू किती वर्सं?" प्रयागबाईचा आवाज भांडणाचा नव्हता, म्हणून तर तो लागला. "धुरानं माझं डोळं खाल्लं, ईनबाई. म्हनून का पोरीची कंबर ह्या चढाला देऊ? महाडात रॉकेलला लाइन हाय, पन ती सपाटीवर हाय."

नाथू मध्ये पडला. "अवो, पन जाळ बघितलात ना? शब्द पाळला आमी."

"बघितला. लई चांगला जाळ हाय," प्रयागबाई म्हणाली. "म्हनूनच नेते."

चिमाबाईला हसू आलं. गॅस विझला असता तर सून गेली असती, विझू दिला नाही म्हणूनही गेलीच.

दोन दिवसांनी सुनील न्यायला आला. रंजिताने बाळाला सासूच्या मांडीवर ठेवलं आणि तिच्या हाताच्या तळव्यांकडे बघत म्हणाली, "आत्या, दिवाळीला येते. झरी भरली म्हनजे. तवर कुंडीत पानी नका घालू. माझी शप्पत."

"येशील तवा ये."

चौघं उतरणीला लागली. पोरीचं टोपडं करवंदीच्या जाळीआड गेलं, मग सुनीलची पिशवीही. नाथूने चूल सारवून पेटवली. छपराला धूर लागला तसं त्याला बरं वाटलं असावं, पण ते त्याने बोलून दाखवलं नाही. एवढी अक्कल त्याला त्या दिवशी होती.

दुसऱ्या दिवशी चिमाबाई नेहमीसारखी उठली. पिण्याचं पाणी आणलं, जनावरांचं आणलं, आणि पाय आपोआप आणखी एका खेपेला वळले. भरला हंडा घेऊन ती कुंडीपाशी येऊन उभी राहिली तेव्हा तिला शप्पत आठवली. घरातली भांडी तर भरलेली, आता हा कुठे ओतायचा? पुन्हा खाली नेता येत नाही, आणि टाकून देणं तर जन्मात जमलं नसतं.

शेवटी ती वळली आणि घरामागे गेली. ऐनाच्या फुटव्यांच्या बुडाशी तिने थोडं थोडं करत सगळा हंडा रिता केला. कुंपणाशी सोनाबाई बघत उभी होती.

"आता झाडांना गो? रानाला कोन पानी घालतं का?"

"घालते. पुढच्या सालची मोळी हाय ती," चिमाबाई म्हणाली आणि तिथेच, दिवसाढवळ्या, बुंध्याला पाठ टेकून बसली.