सुभेदारीण काकींनी दाखवलेली सांगली

"सांगलीत बघण्यासारखं काय आहे हो?" असं कुणी विचारलं, की सुभेदारीण काकी आधी पायात चपला सरकवायच्या आणि मग उत्तर द्यायच्या, "चला, दावतेच." समोरचा माणूस कितीही घाईत असो, त्याची सुटका नसे. इन्व्हर्टर दुरुस्त करायला आलेल्या एका नाशिककरानं बोलता बोलता हा प्रश्न विचारला, तर त्याला त्यांनी गणपतीच्या देवळापासून कृष्णेच्या घाटापर्यंत पायी फिरवून आणला. घरी आल्यावर तो बिचारा पाणी पिऊन निघून गेला. आम्ही ती रात्र अंधारात काढली.

काकींचे यजमान लष्करात सुभेदार होते. ते गेल्यावर काकींनी विश्रामबाग भागातल्या घराची माडी कॉलेजच्या मुलींना राहायला दिली. मी साताऱ्याहून फार्मसी शिकायला आले ती तिथंच. नवऱ्याच्या बदल्यांपायी काकींनी अर्धा देश पालथा घातला होता. "जम्मू बघितलं, जोधपूर बघितलं, तेजपूरबी बघितलं. समदं बरं हाय. पर सांगली ती सांगली." तेजपूरला तर ब्रह्मपुत्रा आहे, केवढी मोठी नदी, असं मी एकदा म्हटलं. "लय मोठी हाय गं," काकी म्हणाल्या, "पैलतीरच दिसत न्हाई. मग बघायचं काय?"

लष्करातली हिंदी त्यांच्या तोंडात कायमची बसली होती. सकाळी "फॉलिन!" अशी रांगेत उभं करणारी आरोळी आली की चहा झाला म्हणून समजायचं. ताटात काही टाकलं तर "राशन वेस्ट नहीं करनेका" असं ऐकून घ्यावं लागे. पहिले काही दिवस मला वाटलं, आपण कॉलेजात आलोय की भरतीला? पण ताप आला तेव्हा याच बाई माझ्या उशाशी रात्रभर बसून होत्या. त्यानंतर मला ते घर सोडवेना.

आणि नेमकं सोडायची वेळ आली. त्या वर्षी कृष्णेला महापूर आला. आमच्या भागात पाणी नव्हतं, पण बाकीच्या मुलींना त्यांच्या घरच्यांनी नेलं ते नेलंच. माडीवर मी एकटी उरले. पाणी ओसरल्यावर एके सकाळी आमचे आप्पा, म्हणजे माझे वडील, दारात हजर. आम्ही सातारकर किल्ल्याच्या पायथ्याशी वाढलेले, सपाट गावाला गावच समजत नाही. त्यात आप्पा म्हणजे अर्क! "बॅग भर. पुण्यात कॉलेजांचं पेव फुटलंय, कुठंबी प्रवेश मिळंल. काय ठेवलंय या सांगलीत?"

मी रडवेली होऊन काकींकडं बघितलं. काकींनी चपला घातल्या.

"आवं पाव्हणं, पेव फुटलंय म्हंता. पेव बघितलंय का कवा?"

आप्पांनी जन्मभर हा शब्द वापरला, पण पेव म्हणजे काय हे त्यांना कुठं ठाऊक होतं? मला तरी कुठं होतं म्हणा! माझी भरलेली बॅग रिक्षात टाकून काकींनी आम्हाला हरिपूरला नेलं. तिथं हळद साठवायला जमिनीत खोल कोठारं खणलेली असतात, तोंड अरुंद आणि पोट रांजणासारखं. तीच पेवं. पुरांनी बरीचशी बुडवली, थोडी उरलीत. पेवं राखणाऱ्या चाचांनी त्याच सकाळी एक रिकामं पेव उघडलं होतं. आप्पा "बघू बघू" करत वाकले आणि नाकावरचा चष्मा थेट पाताळात!

मी काढते म्हणून पुढं झाले, तर चाचांनी हात धरला. "आत हवा न्हाई, पोरी. आधी कंदील सोडून बघायचा. त्यो इझला तर माणूसबी इझंल. हवा भरू द्या, सांजच्याला या."

चष्म्याशिवाय आप्पा म्हणजे खांबासारखं उभं ध्यान. म्हैस आणि एस.टी. यांतला फरक फक्त आवाजावरून कळायचा. अशा माणसाला काकींनी दिवसभर सांगली दाखवली! कोपराला धरून चालवायच्या आणि सांगायच्या, "ह्यो गणपती, काळ्या दगडातलं देऊळ, शिखर बघा कसं झळाळतंय." आप्पा उलट्या दिशेला हात जोडायचे. काकी त्यांना हळूच वळवायच्या. "ह्यो आयर्विन पूल. अशा कमानी उभ्या हिंदुस्थानात न्हाईत." आप्पा म्हणायचे, "व्हय, दिसत्यात की!" काडीइतकंही दिसत नव्हतं हो!

घाटावर आप्पांनी डोळे बारीक केले. "पलीकडं त्या चिखलात लाकूड पडलंय का?"

ती मगर होती. चांगली धडधाकट, जबडा उघडून ऊन खात पडलेली. सांगलीतलं काहीही दाखवायला सोडायचं नाही, हे काकींचं ब्रीद. पण त्या क्षणी त्या म्हणाल्या, "लाकूडच हाय. पुरात आलंय. चला, भडंग खाऊ." आप्पांना मी हे अजून सांगितलेलं नाही.

संध्याकाळी कंदील तळाशी जाऊनही जळत राहिला, तेव्हा चाचा उतरले आणि चष्मा घेऊन आले. तळाला उसाचा पाला होता म्हणून काच वाचली, पण हळदीत माखून चष्मा पिवळाधमक झालेला. आप्पांनी तो पुसून डोळ्यांवर चढवला आणि आम्ही स्टँडवर आलो. साताऱ्याची गाडी लागलेली. आप्पांच्या हातात माझी बॅग. दिवसभर अखंड बोलणाऱ्या काकी आता उगाचच गाड्यांच्या पाट्या बघत उभ्या होत्या.

आप्पांनी बॅग माझ्या हातात दिली. "ऱ्हा तू हितंच. ज्या बाईनं मला आंधळ्याला दिवसभर एक ठेच लागू दिली न्हाई, तिच्याकडं पोरगी ठिवायला मला कसली भीती?"

तेव्हा काकी रडल्या. भर स्टँडवर पदरात तोंड घालून हमसून हमसून रडल्या. "ही गेली असती तर माझा पोरगा मला बेंगलोरला न्हेणार हुता. माडी रिकामी झाली की घराला कुलूप, असं ठरलं हुतं आमचं." आप्पांना काय करावं कळेना. ते धावत जाऊन त्यांच्यासाठी चहा घेऊन आले, तेवढ्यात साताऱ्याची गाडी सुटली.

मी शिकत होते तोवर काकी सांगलीत राहिल्या. पुढं नव्या मुली आल्या नाहीत, त्या सगळ्या कॉलेजजवळच्या नव्या हॉस्टेलांत गेल्या. माझी शेवटची परीक्षा संपली आणि काकींचा मुलगा गाडी घेऊन आला. कुलूप लावलं. काकी पुढं बसल्या. मी दारात उभी राहून रडत होते. बेंगलोरला जायला मिरजेकडं वळायचं असतं, मुलगा तसा वळायलाही लागला.

"पुलाकडं घे," काकी म्हणाल्या.

"आई, तो रस्ता उलटा आहे. आणि मला काय दाखवतेस? मी इथंच जन्मलोय."

"जन्मलास रं. पर बघितलीस कवा?"

गाडी उलटी वळली. पार कोपऱ्यापर्यंत काकींचा हात खिडकीबाहेर दिसत होता. मला वाटलं, निरोप देताहेत. कसला निरोप! बोट लांब करून मुलाला काहीतरी दाखवत होत्या.