पडद्यावरची मराठी आणि संघमित्रा मॅडम

डोंबिवली एमआयडीसीतल्या आमच्या कंपनीत मी मुलाखतीला गेले, तेव्हा संघमित्रा जाधव मॅडमनी घरी वापरायचं ऑक्सिजनचं यंत्र माझ्यापुढे सरकवलं. छोट्या पडद्यावर एक इंग्रजी सूचना होती.

“हे तुझ्या आईला कळेल?”

मी नाही म्हणाले.

“मग हेच बदलायचंय आपल्याला. कधीपासून येतेस?”

त्यामागचं कारण मागाहून कळलं. कल्याणजवळच्या मोहने गावात एका आजोबांना आमचं यंत्र लावलं होतं. ते शिट्टी देत होतं, ऑक्सिजन कमी पडतोय असं इंग्रजीत सांगत होतं. आजींना वाटलं, मशीन तापलं. त्यांनी ते बंद केलं. शेजाऱ्यांनी धावपळ केली म्हणून आजोबा वाचले. कंपनीने शेरा मारला : ‘वापरणाऱ्याची चूक’. हा शेरा आठवला की आजही माझं डोकं फिरतं.

मॅडम मात्र थेट मोहन्याला गेल्या. “आजी, शिट्टी वाजली की पडद्यावर काय लिहून यायला हवं?”

“काय करायचं ते लिवा ना बाई. नुसतं काय झालं ते वाचून मी काय करू?”

भाषांतर बाहेरून करून आलं : ‘प्राणवायू संहती निम्न’. मॅडमनी ते खोडून लिहिलं : ‘ऑक्सिजन कमी येतोय. नळी तपासा.’ ते पडद्यावर आणलं, तर जोडाक्षर फुटलं आणि वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसली.

कंपनीतले एक वरिष्ठ साहेब म्हणाले, “कळतंय ना? ॲडजस्ट करा की!”

“इंग्रजी अक्षरं अशी मोडली असती, तर केलं असतंत ॲडजस्ट?”

मग अक्षरं मोडूच नयेत म्हणून मॅडमनी प्रत्येक सूचनेचं अख्खं चित्रच यंत्रात भरलं. मेमरी पुरेना, तेव्हा यंत्र सुरू होताना गरगर फिरणारं कंपनीचं बोधचिन्ह काढून टाकलं. त्याबद्दल त्यांची बदली माहितीपुस्तिकांच्या विभागात झाली! मराठी मात्र राहिली, कारण दवाखाने तीच मागू लागले. त्या अडगळीत बसूनही, माझ्या बाळंतपणाच्या रजेत प्रकल्पातून उडवलेलं माझं नाव त्यांनी भांडून परत घालायला लावलं.

पुढे मराठी भाषा दिनाला ‘मायबोलीची सेवा’ केल्याबद्दल कंपनीतल्या सगळ्या साहेबांनी हार घालून घेतले. मॅडमना कुणी व्यासपीठावर बोलावलं नाही. त्या साहेबांपैकी दोघांचे लेख मॅडमच्या साठीनिमित्त निघणाऱ्या याच गौरवग्रंथात आहेत. माझा लेख त्यांच्या शेजारीच छापावा, ही संपादकांना विनंती.

निवृत्तीनंतर मॅडम कल्याणच्या घरी बसून उर्दू सूचना तयार करत आहेत. आमचा पडदा उजवीकडून डावीकडे लिहायला तयार नाही, म्हणून परवा फोनवर माझ्यावरच ओरडल्या.

मॅडम, साठी पूर्ण झाली. रक्तदाब सांभाळा, गोळ्या वेळेवर घ्या, आम्हांला खूप वर्षं हव्या आहात. पण ओरडणं सोडू नका. आमच्या कारखान्यातून अजूनही मुके पडदे घरोघरी जात आहेत.