अर्धं वाचलेलं पुस्तक

हॉस्पिटलच्या तळघरातल्या लाँड्रीत आम्ही दोघी चादरींच्या घड्या घालायचो. दोन टोकं माझ्या हातात, दोन ताईंच्या. चादर ताणायची, झटकायची, मग चालत समोरासमोर यायचं, टोकाला टोक लावायचं आणि पुन्हा मागे जायचं. मशीनच्या आवाजात लांबून बोललेलं ऐकू यायचं नाही. म्हणून ताई जवळ आल्या की एक वाक्य बोलायच्या, पुढचं वाक्य पुढच्या घडीला. अशी वाक्यावाक्याने मी किती पुस्तकं ऐकली त्याला हिशेब नाही. "तो पळत पळत स्टेशनवर पोचला," एवढं म्हणून बाई मागे निघायच्या. मी चादर ओढत ओरडायचे, "अहो, मग गाडी मिळाली का त्याला?" त्या नुसत्या हसायच्या. असा राग यायचा मला! आजही येतो.

वयाने मोठ्या, म्हणून सगळ्यांच्याच ताई. पाठीमागे आम्ही त्यांना 'इस्त्री' म्हणायचो, कारण कामात आणि बोलण्यात एक सुरकुती त्यांना खपायची नाही. लग्न केलं नव्हतं. भावाकडे राहायच्या, स्वयंपाकघरामागच्या खोलीत. पहाटे घर उठायच्या आत ओट्याशी उभ्या राहून वाचायच्या, आणि चहाचं आधण आटून भांडं करपलं तरी बाईंना पत्ता नसायचा. भावजय म्हणायची, "वन्सं, पुस्तकात जेवायलाही मिळतं का बघा." त्यावर ताई म्हणायच्या, "मिळतं गं, पण मीठ तुझ्यासारखंच कमी."

जेवणाच्या सुट्टीत डबे उघडले की त्यांचा प्रश्न ठरलेला. "हं, कोण काय वाचतंय?" उत्तर द्यायचं ते फक्त सध्या हातात असलेल्या, न संपलेल्या पुस्तकाबद्दल. वाचून झालेल्याबद्दल बोलायला बंदी. "पुस्तक संपलं की माणूस मास्तर होतो," त्या म्हणायच्या. "अर्धं असतं तोवरच खरं बोलतो." देणंघेणंही अर्ध्यावरच. वाचता वाचता एखादं माणूस डोळ्यांसमोर आलं, की ताई पुस्तक मिटून सरळ त्याच्या हातात ठेवायच्या. "घे, हे तुझं आहे. माझं नंतर बघू." आणि ते त्या माणसाला बरोबर लागू पडायचं. माझ्या नाकावरचा राग बघून त्यांनी मला एका भांडखोर नवराबायकोची गोष्ट दिली होती. ती वाचून मी चार दिवस घरात आवाज चढवला नाही, तर नवरा कपाळाला हात लावून ताप बघायला लागला.

आमच्या वाफेचा बॉयलर सांभाळायचे ते बॉयलरदादा. माणूस कामाला वाघ, पण तोंडाला कुलूप. जेवायला आमच्यातच बसायचे, पण पुस्तकांचा विषय निघाला की डबा धुवायला उठायचे. त्या वर्षी वहिनी, म्हणजे त्यांची बायको, वर वॉर्डात दाखल झाल्या. आठवड्यांवर आठवडे गेले, तरी घरी सोडायचं नाव नाही. दादा ड्युटी संपली की वर जायचे. एक दिवस ते ताईंपुढे येऊन उभे राहिले.

"ताई, मला एखादं पुस्तक द्या."

आम्ही सगळ्या घास हातात धरून बघत राहिलो.

"रोज जातो, तिच्याजवळ बसतो," ते म्हणाले. "जेवलीस का, औषध घेतलंस का, डॉक्टर काय म्हणाले. एवढ्यात माझं बोलणं संपतं. मग ती भिंतीकडे बघते, मी घड्याळाकडे. मला बोलता येत नाही हो. वाचून तरी दाखवीन."

ताईंच्या हातात तेव्हा एक कादंबरी होती. आजारी बायकोला घेऊन एक धांदरट नवरा समुद्रकाठच्या घरात राहायला जातो. त्याला साधं पाणी तापवता येत नाही, सगळा गोंधळ घालतो, आणि त्याला हसता हसता बायको पलंगावरून खिडकीपर्यंत, खिडकीपासून अंगणापर्यंत चालायला लागते. ताईंचं जेमतेम अर्धं झालं होतं. त्यांनी तिथेच ते दादांच्या हातात ठेवलं.

लागू पडलं म्हणजे किती! वॉर्डातल्या नर्स खाली येऊन सांगायला लागल्या, की तुमचे मुके दादा रोज संध्याकाळी आवाज काढून वाचतात, शेजारच्या खाटांवरच्या बायकासुद्धा कुशीवर वळून ऐकतात. दादा जेवताना आपणहून बोलायला लागले. "आज अंगणात आली ती," म्हणायचे, आणि आम्हाला क्षणभर कळायचं नाही की पुस्तकातली की त्यांची.

ताईंचा जीव मात्र त्या उरलेल्या अर्ध्यात अडकला होता. शेवटी त्यांनी वाचनालयातून दुसरी प्रत आणली. दुसऱ्या दिवशी कामावर आल्या त्या पांढऱ्याफटक. पहिल्याच चादरीला टोकं चुकली. जवळ आल्या आणि म्हणाल्या, "ती मरते गं."

"कोण?"

त्या मागे गेल्याच नाहीत. चादर छातीशी धरून तिथेच उभ्या राहिल्या. "पुस्तकातली. शेवटी मरते. आणि मी ते त्या बाईच्या उशाशी दिलं."

मला संताप आला. "तरी मी म्हणते, शेवट बघितल्याशिवाय पुस्तक देऊ नये! एवढं वाचून हीच अक्कल आली का? आजाऱ्याला देताना तरी तुमचा तो नियम खुंटीला टांगायचा होता."

दुपारी ताई भावाच्या मुलांचं एक विनोदी पुस्तक पिशवीत घालून निघाल्या. दादा खाली बॉयलरवर होते, तेवढ्यात अदलाबदल करायची होती. चादरींची गाडी ढकलत मीही मागोमाग गेले. त्यांना एकटीला सोडवेना.

वहिनी उशीला टेकून बसल्या होत्या. हाताची नुसती हाडं उरली होती. ताईंनी ठरवून आणलेलं सगळं एका दमात म्हणून टाकलं, की ते पुस्तक जरा हवं होतं, वाचनालयवाला मागतोय, त्याऐवजी हे बघा किती मजेशीर आहे. खोटं बोलायची सवय नसली की माणूस फार बोलतो.

वहिनींनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "शेवटामुळे नेताय का?"

ताई स्टूल ओढून बसल्या.

"हे कामावर असतात तेव्हा मी पुढचं वाचून काढलं," वहिनी म्हणाल्या. "केव्हाच संपलं माझं. ह्यांना सांगितलं नाही. ते अजून अंगणातच आहेत."

"माझं चुकलं हो, वहिनी. मला माहीत असतं तर..." ताईंना पुढे बोलवेना. कधी डोळ्यांत पाणी न आणणारी बाई ढसाढसा रडायला लागली.

"रडू नका. इथे येणारा प्रत्येक जण मला बरी होशील म्हणून सांगतो. खरं तेवढं ह्या पुस्तकाने सांगितलं. वाचून रडले, आणि मग बरं वाटलं." त्या थोडं थांबून दम घेऊ लागल्या. "आणि ह्यांचा आवाज! अख्ख्या संसारात एवढे बोलले नाहीत हे माझ्याशी. पुस्तकातल्या नवऱ्याने दूध उतू घालवलं ते वाचताना स्वतःच हसतात. ते नका नेऊ, ताई."

ताईंनी मान हलवली.

"पण एक करा. त्या पानावर ते पोचतील तेव्हा मी असेन असं वाटत नाही. त्यांना तिथे एकटं सोडू नका."

"नाही सोडणार," ताई म्हणाल्या.

थोड्याच दिवसांत वहिनी गेल्या. दादा कामावर परतले ते पुन्हा पहिल्यासारखे, तोंडाला कुलूप लावून. पुस्तक त्यांच्या डब्याच्या पिशवीत असायचं, पण ते काढायचे नाहीत. ताई रोज त्या पिशवीकडे बघायच्या. एकदाही विषय काढला नाही. जेवणाच्या सुट्टीतला आपला प्रश्नही त्यांनी विचारायचा सोडला. मी म्हटलं, "ताई, एकदाचं सांगून मोकळ्या व्हा." तर म्हणाल्या, "मी सोबतीला राहायचा शब्द दिलाय, ढकलायचा नाही."

मग एका दुपारी दादांनी ते पुस्तक आपणहून ताईंपुढे धरलं.

"'पुरं करा' म्हणाली होती ती. मला उघडवत नाही. तुम्ही वाचता?"

बॉयलरच्या खोलीबाहेर बाकडं आहे. ताई आणि दादा तिथे बसले, मी दारात उभी राहिले. ताई अंगणापासून वाचायला लागल्या. त्यांना पुढचं सगळं ठाऊक होतं, तरी आवाजात ते कळू देत नव्हत्या. बाई अंगणातून पुन्हा खिडकीशी आली, खिडकीशी बसवेना म्हणून पलंगावर आली, तेव्हा दादांच्या लक्षात आलं. त्यांनी हात वर केला. ताई थांबल्या.

"तिला माहीत होतं?"

ताईंनी माझ्याकडे बघितलं. नाही म्हणणं किती सोपं होतं! पण त्या म्हणाल्या, "हो. तुम्ही खाली असताना त्यांनी वाचून काढलं होतं."

"आणि मला हसू दिलं?"

"त्यांना तुमचा आवाज ऐकायचा होता."

दादांनी गुडघ्यांवर हात टेकले. आत वाफ सुटत होती, कोणीतरी त्यांना हाक मारत होतं, पण ते उठले नाहीत.

"मी मुद्दाम थोडं थोडं वाचायचो," ते म्हणाले. "पुस्तक संपेपर्यंत ती राहील असं वाटायचं मला." मग त्यांनी डोळे पुसले. "आणखी हळू वाचायला हवं होतं, ताई."